पाहुणचार की वेठ?

‘आर्टिस्ट रेसिडेन्सी’ हा शब्द गेल्या दोन-तीन दशकांत भारतीय कलाविश्वात चांगलाच रुळला आहे. एखाद्या संस्थेने कलावंताला काही आठवडे वा महिने आपल्याकडे ठेवून घ्यावे, राहण्या-जेवणाची व्यवस्था करावी, कामाला जागा व थोडे मानधन द्यावे आणि कलावंताने तेथे राहून निर्मिती करावी, अशी ही निवासी योजना. मोठ्या शहरातील शिक्षित चित्रकाराच्या दृष्टीने ती उपकारक आहे, यात शंका नाही. रोजच्या विवंचनांतून तो काही काळ मोकळा होतो. अलीकडे मात्र अशा योजनांच्या परिचयपत्रकांत आणखी एक वाक्य आवर्जून छापलेले असते : स्थानिक आदिम कलावंत आणि त्यांच्या समाजाला आधार देणे. वाक्य ऐकायला गोड आहे. म्हणूनच ते तपासून घेणे आवश्यक आहे. आधार कोणी कोणाला दिला, किती दिला आणि त्या बदल्यात काय ठेवून घेतले, या तीन प्रश्नांची उत्तरे परिचयपत्रकात नसतात.

ती शोधायची तर जनगढ सिंह श्याम यांच्यापासून प्रारंभ करावा लागतो.

मध्य प्रदेशातील पाटनगढ हे आजच्या दिंडोरी जिल्ह्यातील परधान गोंडांचे गाव. परधान म्हणजे गोंडांचे वंशगायक. बाना हे तंतुवाद्य वाजवीत बडादेवाची आणि यजमान कुळांची गाथा गाणे, हा त्यांचा पिढीजात धर्म. यजमानांची स्थिती खालावली, गाणे ऐकणारे कमी झाले आणि या गायकांच्या घरी मजुरीशिवाय दुसरे साधन उरले नाही. १९८१ साली भोपाळच्या भारत भवनासाठी वनवासी कलेचा शोध घेत जगदीश स्वामीनाथन यांचे सहकारी या गावी पोहोचले, तेव्हा एका घराच्या भिंतीवरील हनुमानाच्या चित्रावर त्यांची दृष्टी खिळली. चित्र काढणारा तरुण जेमतेम विशीचा होता. तोच जनगढ. स्वामीनाथन यांनी त्याला भोपाळला आणले, कागद व रंग दिले आणि भारत भवनात काम दिले. पुढे जे घडले, तो भारतीय कलेच्या इतिहासातील एक विलक्षण अध्याय होय. जी दैवते आजवर केवळ गाण्यात होती, ती प्रथमच रंगरेषांत साकार झाली. ठिपक्यांच्या आणि बारीक रेघांच्या नादमय रांगांतून वाघ, हरिण, सर्प, वृक्ष उभे राहिले. १९८६ मध्ये मध्य प्रदेश शासनाचा शिखर सन्मान मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील गाजलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांची चित्रे झळकली. भोपाळच्या नव्या विधानभवनातही त्यांचा कुंचला चालला. एका माणसाने एक शैली जन्मास घातली आणि ती त्याच्याच नावाने, ‘जनगढ कलम’ म्हणून, ओळखली जाऊ लागली.

हाच माणूस २००१ साली जपानच्या निगाता प्रांतातील तोकामाची येथील मिथिला संग्रहालयाच्या निमंत्रणावरून तेथे निवासी कलावंत म्हणून राहावयास गेला. डोंगराळ, हिमाच्छादित प्रदेशातील एका जुन्या शाळेच्या वास्तूत हे संग्रहालय आहे. भाषा अनोळखी, भोवती आपले कोणी नाही. मुक्काम ठरल्यापेक्षा लांबला. घरी परतण्याची ओढ पत्रांतून व्यक्त होऊ लागली. ३ जुलै २००१ रोजी त्यांनी तेथेच आपले जीवन संपविले. वय चाळिशीच्या आत. पत्नी, मुले भोपाळला वाट पाहत होती.

दिल्ली-भोपाळच्या कलावंतांनी त्या वेळी संताप व्यक्त केला, चौकशीची मागणी झाली, मानधनाच्या अल्प रकमेवर वृत्तपत्रांतून लिहिले गेले. एका मनुष्याच्या अंतःकरणात अखेरच्या रात्री काय चालले होते, हे बाहेरच्यांनी निश्चितपणे सांगू नये, आणि सारा दोष एका संस्थेच्या माथी मारून मोकळे होणेही न्यायाचे नाही. याच संग्रहालयात मिथिलेच्या गोदावरी दत्त वारंवार जाऊन राहिल्या, भव्य चित्रे करून परतल्या आणि पुढे पद्मश्री झाल्या. प्रश्न संस्थेच्या हेतूचा नाहीच. प्रश्न असा, की पॅरिसपर्यंत कीर्ती पोहोचलेला राष्ट्राचा एक श्रेष्ठ चित्रकार परदेशी महिनोन् महिने राहावयास जातो, तेव्हा तो कोणत्या करारावर गेला, मुदत कोणी वाढविली, परतीचे तिकीट कोणाच्या हाती होते, तेथे काढलेल्या चित्रांवर मालकी कोणाची, हे विचारणारी एकही यंत्रणा या देशात का नव्हती? एखादा शास्त्रज्ञ वा क्रिकेटपटू असता, तर हे असेच घडले असते काय? वनवासी कलावंताच्या बाबतीत मात्र ‘त्याला परदेशी जावयास मिळाले, आणखी काय हवे?’ अशी वृत्ती. या वृत्तीला आधार म्हणत नाहीत. ठाणे जिल्ह्यातील वारली समाजाने पिढ्यान् पिढ्या जिचे चटके सोसले, त्या वेठीचे हे सुसंस्कृत रूप आहे. जेवण मिळाले, निवारा मिळाला, आता काम कर!

येथे कायद्याची एक गोष्ट जाणून घेणे अगत्याचे आहे, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे कलम १७ सांगते, की कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्र काढले असेल आणि करारात उलट काही लिहिलेले नसेल, तर त्या चित्राच्या प्रताधिकाराचा पहिला मालक चित्रकार नसून ते काढावयास सांगणारा ठरतो. याच कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३ अ आले. मूळ चित्र पुढे दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्या किमतीत, कमाल दहा टक्क्यांपर्यंत, चित्रकाराचा वा त्याच्या वारसांचा वाटा या कलमाने मान्य केला. तरतूद उत्तम! पण तिला एक अट आहे : चित्रकार हा कलम १७ प्रमाणे पहिला मालक असला पाहिजे. आता दोन्ही कलमे शेजारी ठेवून वाचावीत. निवासी योजनेचे मानधन म्हणजे मोबदला आणि संस्थेचे निमंत्रण म्हणजे सांगणे, असा अर्थ लावला गेला आणि करारात एका ओळीची उणीव राहिली, तर कलावंताचा प्रताधिकार तर जातोच, शिवाय पुनर्विक्रीतील मुलाबाळांचा वाटाही त्याच दाराने बाहेर पडतो. शहरी चित्रकार ही ओळ आपल्या वकिलाकडून घालून घेतो. पाड्यावरून आलेल्या कलावंतापुढे इंग्रजी कागद ठेवला जातो आणि सही कोठे करायची, तेवढी जागा बोटाने दाखविली जाते.

ऑस्ट्रेलियात हाच अन्याय इतका उघड झाला की तेथील शासनास हालचाल करावी लागली. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील क्लिफर्ड पॉसम जापलजारी या आदिम चित्रकाराने १९७७ मध्ये ‘वार्लुगुलाँग’ हे विशाल चित्र रंगविले. एका बँकेने ते १,२०० डॉलरला घेऊन आपल्या उपाहारगृहात टांगले. १९९६ मध्ये लिलावात त्याला ३६,००० डॉलर आले. २००७ मध्ये तेच चित्र ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २४ लाख डॉलरला विकत घेतले. चित्रकार त्यापूर्वीच, २००२ साली, निवर्तला होता. तेथे २००९ मध्ये कायदा झाला आणि जून २०१० पासून पुनर्विक्रीच्या किमतीतील पाच टक्के चित्रकाराकडे वा त्याच्या वारसांकडे जाऊ लागले. मात्र कायद्याहूनही मोलाची गोष्ट त्याच वाळवंटात पूर्वीच घडली होती. पापुन्या या वसाहतीतील चित्रकारांनी १९७२ मध्ये स्वतःची कंपनी स्थापन केली. भागधारक तेच, मालक तेच. बाहेरचा तज्ज्ञ तेथे येतो तो त्यांचा नोकर म्हणून. ज्यांच्या पूर्वजांना गोऱ्यांनी माणूस म्हणूनही मोजले नाही, त्यांनी हे करून दाखविले. मग भारतातील कोणत्या कलासंस्थेने आपल्या निवासी योजनेच्या व्यवस्थापनात एखाद्या गोंड वा वारली कलावंताला मतदानाचा अधिकार दिला आहे, असा प्रश्न विचारला तर तो उद्धटपणाचा ठरू नये.

जाता जाता ‘इंडिजिनस’ या शब्दाविषयी. ज्या देशांत समुद्रापलीकडून आलेल्यांनी भूमिपुत्रांची भूमी बळकावली, तेथे तो शब्द सार्थ आहे. भारतात गोंड आणि वारली हे इतर समाजाशी देवदेवता, यात्रा, बाजार आणि राजवटी यांनी शतकानुशतके गुंफलेले आहेत. गोंडांनी तर स्वतः राज्ये केली. संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्याला भारताने अनुकूल मत दिले, तेव्हाही स्वतंत्र भारतातील समस्त जनता मूलनिवासीच आहे, ही आपली भूमिका कायम ठेवली. आयात केलेल्या शब्दाबरोबर आयात केलेली दृष्टीही येते. पाटनगढच्या भिंतीवरील हनुमान मग त्या दृष्टीला खटकू लागतो, कारण ‘शुद्ध आदिम’ चौकटीत तो बसत नाही. परंतु वनवासी म्हणावे की आदिवासी, मूलनिवासी की आणखी काही, यावर परिसंवाद झोडणाऱ्या राष्ट्रवादी मंडळींनीही एक ध्यानात घ्यावे. शब्दाचा वाद जिंकल्याने कलावंताच्या घरी एक छदामही जात नाही.

आणि परकीयांकडे बोट दाखविताना स्वतःच्या घराकडे डोळेझाक करून कसे चालेल? दिल्लीच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयात देशभरातील कारागिरांना काही काळ राहून काम करण्यासाठी बोलाविण्याची प्रथा आहे. कल्पना स्तुत्य आहे. याच संग्रहालयात मिथिलेच्या गंगादेवी यांनी ‘कोहबर घर’ रंगविले होते. कोहबर म्हणजे विवाहानंतर नवदांपत्याची खोली. त्या खोलीच्या भिंतींवर कमळ, बांबू, मासोळ्या, शिवपार्वती यांच्या रूपाने मंगलकामना रेखाटल्या जातात. कर्करोगाशी झुंजत असतानाही ही साध्वी चित्रे काढीत राहिली आणि १९९१ मध्ये तिने देह ठेवला. त्या भिंती २०१५ च्या सुमारास नूतनीकरणाच्या कामात नष्ट झाल्या. कोणी आक्रमक आला नव्हता, कोणी मूर्तिभंजक नव्हता. सरकारी फाइल पुढे सरकली आणि पद्मश्रीप्राप्त कलावतीचे अखेरच्या वर्षांतले काम पुसले गेले. एवढ्यावरही संस्कृतिरक्षणाची भाषणे खंडित झाली नाहीत!

महाराष्ट्राचा विचार केला तर वारली चित्रकला आज कुडत्यांवर, चहाच्या कपांवर, लग्नपत्रिकांवर आणि गृहसंकुलांच्या कुंपणभिंतींवर दिसते. मध्यमवर्गीय दिवाणखान्यात तारपा नृत्याचे एखादे चित्र असतेच. ते कोणी काढले, असे विचारल्यास यजमानांना सांगता येत नाही; पुष्कळदा ते शहरातल्याच एखाद्या छंदवर्गात काढलेले असते. या चित्रकलेचा मूळ गाभा आहे लग्नाचा चौक. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर लग्नघराची भिंत गेरूने सारवून, तांदळाच्या पिठाने आणि बांबूच्या काडीने सवाशिणी तो रेखतात. चौकात पालघाट देवी असते. धवलेरी गाणी म्हणते, देवीला आवाहन होते आणि मग ते विधान पूर्णत्वास जाते. चौक ही एका व्यक्तीची ‘निर्मिती’ कधीच नव्हती. रेखणारी, गाणारी, सारवणारी, तांदूळ दळणारी, अशा साऱ्याजणींची ती होती.

निवासी योजना मात्र एकट्याला बोलावते. तीही बहुधा पुरुषाला, कारण सवाशिणीने घर, शेत, लेकरे सोडून तीन महिने कोठे जायचे? जिव्या सोमा म्हसे यांच्यासारखा अलौकिक पुरुष या कलेत झाला, १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, हे वारली समाजाचे भूषणच होय. तरी चौकाची मूळ धनीण असलेली स्त्री प्रदर्शनांच्या निमंत्रणपत्रिकांतून नाहीशी होत गेली, हे वास्तव कसे नाकारायचे? समाजाला आधार देण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या योजनेने समाजातील अर्धा भाग मागे ठेवावा आणि त्याची खंतही वाटू नये, हा प्रकार अजब आहे. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे वारली तरुणांचाच पुढाकार होता. त्याबद्दल त्यांचे अभिनंदन करावे तेवढे थोडे. परंतु मानांकन नावाचे रक्षण करते. कलावंत कोणत्या अटींवर कोठे जाऊन राहिला, ते मानांकनाच्या कक्षेत येत नाही.

मग निवासी योजना नकोतच काय? तसे म्हणणे अविचाराचे होईल. एक मराठी चित्रकार याचे उत्तर फार पूर्वी देऊन गेला आहे. भास्कर कुलकर्णी १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात पुपुल जयकर यांच्या सूचनेवरून मिथिलेला गेले. भिंतीवर चित्रे काढणाऱ्या तेथील गृहिणींना त्यांनी कागद दिला, जेणेकरून भुकेल्या घरांत चार पैसे यावेत. पुढे ते गंजाडच्या परिसरात वारली पाड्यांवर राहिले. जिव्या म्हसे यांची प्रतिभा जगापुढे आली, ती या सहवासातून. कुलकर्णी यांनी वारल्यांना मुंबईत आणून एखाद्या दालनात ठेवले नाही. स्वतः पाड्यावर जाऊन राहिले, तेथले अन्न खाल्ले, तेथले झाले. निवासी कलावंत तेच होते. यजमान होते वारली!

दुसरे उदाहरण तर खुद्द जनगढ यांचेच. भोपाळला त्यांचा थोडा जम बसताच त्यांनी पाटनगढहून भाऊबंद, भाचे-पुतणे बोलावून घेतले. ही मुले घरात राहत, एकत्र जेवत, मोठ्या चित्रांतील रेघा-ठिपके भरत आणि हात बसला की स्वतःची चित्रे काढू लागत. अशा घराला आपल्या परंपरेत गुरुकुल हे नाव आहे. त्याची ना कोणी जाहिरात केली, ना त्याला कोणी अनुदान दिले. तरी कोणत्याही प्रतिष्ठानाच्या योजनेतून निघाले नसतील इतके चित्रकार त्या घरातून निघाले. त्यांपैकी भज्जू श्याम यांना लंडनमधील एका भारतीय उपाहारगृहाच्या भिंती रंगविण्यासाठी दोन महिने तेथे राहण्याचा योग आला. परतल्यावर त्यांनी जे पुस्तक केले, ते चेन्नईच्या तारा बुक्सने २००४ मध्ये ‘द लंडन जंगल बुक’ या नावाने प्रसिद्ध केले. त्यात बिग बेनचे घड्याळ पाटनगढच्या कोंबड्याशी एकरूप झाले आहे, कारण वेळ सांगणारा गावाकडे तोच. ठरलेल्या वाटेने इमानाने नेणारी बस कुत्र्याच्या रूपात आहे. संध्याकाळी मद्यगृहात जमणारे इंग्रज मोहाच्या झाडाभोवतीची वटवाघळे झाली आहेत. आजवर इंग्रजांनी येऊन गोंडांची नोंद करावी आणि गोंडांनी नोंदले जावे, हा शिरस्ता होता. येथे गोंडाने इंग्रजाची नोंद केली, तीही आपल्या नावाने, आपल्या अटीवर. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एकाच गावचे, एकाच घरात रेघ शिकलेले हे दोन चित्रकार. एक परतला नाही. दुसरा लंडनला आपल्या जंगलात घेऊन आला.

वनवासी क्षेत्रात वर्षानुवर्षे शाळा, आरोग्यकेंद्रे, वसतिगृहे चालविणाऱ्या कार्यकर्त्यांना येथे करण्याजोगे काम आहे आणि त्याला मोठा निधी लागत नाही. पाड्यावरील कलावंताला निमंत्रण येईल, तेव्हा त्याचा कागद त्याच्या बोलीत, घरच्यांच्या आणि गावकऱ्यांच्या देखत वाचून दाखविला जावा. परतीचे तिकीट निघण्यापूर्वी त्याच्या हाती असावे आणि मुदत त्याच्या लेखी संमतीवाचून एका दिवसानेही वाढू नये. एकट्याला न नेता जोडीने न्यावे. पत्नी, बहीण वा शिष्य, कोणीही. प्रताधिकार कलावंताकडेच राहील, ही एक ओळ करारात असल्याखेरीज सही होऊ नये. चित्र जगात कोठेही पुन्हा विकले गेले तरी ठरलेला वाटा पोहोचता करण्याचे बंधन संस्थेने आणि तिच्याकडून घेणाऱ्याने करारानेच स्वीकारावे, कारण भारतीय कायद्याचा हात सीमेपलीकडे पोहोचत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी यासाठी एक वकील आणि बोली जाणणारा एक शिक्षक मिळणे अवघड नाही. आणि जी संस्था या अटी ऐकताच निमंत्रण मागे घेईल, तिच्याकडे न गेल्याने कलावंताचे काही बिघडणार नाही.

जनगढ यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, २०१० मध्ये, न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांचे १९८८ मधील कोळ्याचे चित्र ३१,२५० डॉलरला विकले गेले. भारतीय वनवासी कलेचा तो सन्मान म्हणून वृत्तपत्रांनी त्याची नोंद घेतली. अमेरिकेत पुनर्विक्रीतील वाट्याचा केंद्रीय कायदा नाही. त्या रकमेतून एक डॉलरही मागण्याचा कायदेशीर अधिकार जनगढ यांच्या मुलांना नव्हता.